नाव पुकारलं की

“नाव पुकारलं की आधी उभं राहायचं. मग मोठ्यानं म्हणायचं, हजर! आख्ख्या वर्गाला ऐकू गेलं पाहिजे.”

बावीस वर्षांपूर्वीचा गुरुजींचा आवाज. नागम्माचे हात कणकेत होते आणि तो नेमका आत्ताच कानाशी आला, कारण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वहिदा सांगत होती, “तोंडच उघडलं न्हाई मावशी हिनं. नाव इचारलं, बापाचं नाव इचारलं, मांजराचं चित्र दाखवलं. हूं न्हाई की चूं न्हाई. शाळेच्या मोठ्या बाई म्हनल्या, राहू द्या, पुढल्या साली आना.”

वहिदाच्या ओढणीमागून शबानाचा एकच डोळा दिसत होता.

वहिदा उमरीची. नवरा जुबेर तिकडं शिलाईचं दुकान सांभाळायचा. थोरली कहकशां बारावीला लातूरच्या ट्यूशन एरियात आली, तेव्हा तिच्या जेवणाखाणाची आबाळ नको म्हणून वहिदानं नागम्माच्या आवारातली मागची खोली भाड्यानं घेतली. धाकटी शबाना सामानाबरोबर आली. तिला सहावं लागलं होतं. उमरीत दादीच्या मांडीवर बसून दिवसभर चुरूचुरू बोलणारी ही पोर इथं आल्यापासून गप्प झाली होती. बोलायला तोंड उघडलं की आईचं बोट ओठावर जायचं, “श्श, आपा पढ रही.” आपा पहाटे वाचायची, संध्याकाळी क्लासहून आली की वाचायची, जेवतानाही पुस्तक ताटाला टेकवून वाचायची. त्या आवारात मोठ्यानं आवाज करायची मुभा एकट्या कुकरला होती.

“मग आता?” नागम्मानं विचारलं.

“आता काय, धाडून देते उमरीला. दादीजवळ राहील. हिच्या आपाची बारावी होऊ दे, मग पुढल्या साली...”

“पुढलं साल नको.”

वहिदा दचकली. दोन महिन्यांत तिनं नागम्माचा आवाज कधी चुलीच्या पलीकडं गेलेला ऐकला नव्हता.

नागम्माही ओशाळली. कणीक पुन्हा मळत हळू आवाजात म्हणाली, “तसं न्हाई गं. मोठ्या बाईला म्हणावं, सोमवारी शाळा भरायली, तर एक दिवस बसवून बघा. हजेरीला बोलली तर ठेवा, न्हाई बोलली तर न्या म्हणावं. पोरीचं नाव पटावर येऊ दे.”

वहिदा परत गेली, बाईंना बोलली, आणि बाई तयार झाल्या. एकच दिवस. सोमवारला नऊ दिवस उरले होते.

*

त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये नागम्मानं स्वतःच ‘पुढल्या साली’ म्हटलं होतं.

तेरणाकाठच्या तिच्या गावात शाळेत घालायचं मोजमाप साधं होतं. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. लागला की नाव घालायचं. तिच्या लेकीचा, शिवलीलाचा हात दोन बोटं कमी पडला. तिनं मान वाकडी केली, खांदा ताणला, जीभसुद्धा बाहेर काढली, पण कान काही सापडेना. गुरुजी हसले आणि पेनचं टोपण काढून म्हणाले, “राहू दे, एक जून टाकतो. आख्खं गाव एक जूनलाच जन्मलंय, त्यात ही एक.”

ते खरंच होतं. शाळेच्या दाखल्यावर नागम्माचा जन्म एक जूनचा, तिच्या नवऱ्याचा, गुरुबसप्पाचा एक जूनचा, सरपंचाचा आणि खुद्द गुरुजींचाही. पण नागम्मा इष्टलिंगाची पूजा आटोपून तशीच आली होती. कपाळावरची विभूती अजून ओली होती. ती म्हणाली, “नको गुरुजी. हिचा जन्म दिवाळीनंतरचा हाय. आत्ता लिंग हातावर घेऊन आले, त्याच तोंडानं खोटं कसं बोलू? पुढल्या साली घालू की. कुठं पळून चाललीय शाळा?”

गुरुजींनी टोपण लावलं. पोरगी रडकुंडीला आली म्हणून तिला जवळ घेऊन त्यांनी हजर म्हणायला शिकवलं. म्हणाले, वर्षभर घरी सराव कर.

शिवलीलानं तो मनावर घेतला. त्या दिवसापासून ‘लीला’ म्हणून हाक मारली तर ती ओ द्यायची नाही. सगळं नाव घ्यायचं, शिवलीला गुरुबसप्पा बिराजदार. मग ज्वारीच्या कणगीआडून उडी मारून यायची, ताठ उभी राहायची आणि शेजारच्या नीलाबाईच्या म्हशीनं कान टवकारावेत इतक्या मोठ्यानं ओरडायची, “हजर!” नीलाबाई चिडवायची, “अगं, कलेक्टर हाय का शाळेची पोर हाय?” एकदा तिनं आईला विचारलं, “अव्वा, पुढल्या साली तू शाळेत सोडून लगेच जाशील?” नागम्मा म्हणाली, “न्हाई. तू हजर म्हणस्तोवर दारातच थांबते.”

भादव्यात गणपती बोळवून गाव झोपलं, रात्री भुई हादरली आणि पहाटेपर्यंत गाव राहिलंच नाही. नागम्मा आणि गुरुबसप्पा अंगणात होते. लीला आत, आजीच्या कुशीत. उजाडेपर्यंत नागम्मा दगडमातीच्या ढिगावर उभी राहून हाका मारत होती. ‘लीला’ म्हणून नाही, सगळं नाव घेऊन, वर्गात पुकारतात तसं. मग थांबून ऐकायची, आणि पुन्हा सगळं नाव घ्यायची.

ते नाव कागदावर एकदाच लिहिलं गेलं, ढिगाऱ्यातून काढलेल्यांच्या यादीत. शाळेच्या पटावर ते आलंच नाही. गावातल्या बाकीच्या गेलेल्या पोरांची नावं निदान हजेरीच्या वहीत होती. गुरुजींनी ती वही मातीतून उकरून काढून जपली होती. नागम्मा ती बघायला गेली नाही. एक जून लिहू दिलं असतं तर पोर वाचली असती असं नाही. पण ती शाळेत गेली असती. तीन-साडेतीन महिने का होईना, रोज कुणीतरी तिचं नाव पुकारलं असतं.

लातूरला आल्यावर गुरुबसप्पानं वर्षभर लिंगाकडं पाठ फिरवली. नागम्मानं एक दिवसही पूजा चुकवली नाही, फक्त वेळ बदलली. पहाटेची पूजा तिनं साडेनऊला आणली. त्या वेळेला गल्लीतून शाळेची पोरं जायची. दार लावून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन, नजर त्यावर खिळवून ती बसायची. बाहेरची बडबड, बुटांचे आवाज, कुणाची तरी निसटून गडगडत जाणारी पाण्याची बाटली, सगळं निघून गेलं की डोळे उचलायची. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. क्लासच्या अकरा पोरांचे डबे ती पहाटेपासून मीठ न चाखता करायची. आमटी कधी अळणी व्हायची, कधी खारट. पोरं म्हणायची, मावशी, आज पुन्हा अंदाज चुकला.

*

सराव दुपारी चारला, आवारातल्या लिंबाखाली. कहकशां त्या वेळी क्लासला असायची.

एकट्या पोरीचा वर्ग कसा भरवायचा? नागम्मानं धुऊन पालथे घातलेले डबे ओळीनं मांडले. प्रत्येक झाकणावर ऑइलपेंटनं पोराचं नाव होतं. ती चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. “आनंदराज!” आणि स्वतःच जाड आवाजात, “हजर!” “धम्मप्रिया!” बारीक आवाजात, “हजर!” “अजहर!” इथं ती नाकातून बोलायची, कारण खऱ्या अजहरला बारमाही सर्दी. “रामकिशन!” असे अकरा झाले की, “शबाना जुबेर शेख!”

शबाना उभी राहायची. ओठ हलायचे. मग नजर मागच्या खोलीकडं जायची, आणि ती खाली बसायची.

“बोल की माय. आपा घरात न्हाई आता.”

काही नाही. असे सहा दिवस गेले.

“तुम्ही उगं जीव काढून राहिला मावशी,” वहिदा म्हणायची. दाराआडून ती रोज बघायची आणि रोज डोळे पुसून आत जायची. “मीच गप केलं हिला. घरात दोन पोरी, एकीला म्हनते पढ, दुसरीला म्हनते चुप.”

एक दिवस क्लास लवकर सुटला, कहकशांनं सराव बघितला आणि तिला हसू फुटलं. “मावशी, उर्दू स्कूल हाय ती. तिथं हजर न्हाई म्हनत, हाजिर म्हनतात.”

नागम्माचा चेहरा उतरला. “चुकीचं शिकवलं गं मी.”

“चुकीचं काय,” वहिदा म्हणाली, “तेच की ते. बोलू दे तर आधी. हाजिर म्हन, हजर म्हन, भूक लागली म्हन, काहीबी म्हन.”

सातव्या दिवशी शबानानं आपला खाऊचा छोटा डबा आणून ओळीच्या शेवटी ठेवला. तिलाही इतरांसारखा डबा हवा होता. नागम्माला बरं वाटलं. ती एकेक झाकण वाचत पुढं सरकली. अकरा झाले. बारावं झाकण कोरं होतं. वाचायला काही नव्हतं, आणि वाचायच्या लयीत असलेल्या जिभेवरून निघून गेलं, “शिवलीला गुरुबसप्पा बिराजदार!”

तिचा हात झाकणावर तसाच राहिला. बावीस वर्षांत हे सगळं नाव तिनं तोंडानं उच्चारलं नव्हतं. भाजीच्या पिशव्या सायकलला अडकवून गुरुबसप्पा नुकताच फाटकातून आत येत होता. तोही थांबला. आणि नागम्मा, कशी कोण जाणे, ऐकत राहिली.

“हजर!”

शबाना उभी होती. हात मांड्यांना चिकटवून, ताठ. आवाज इतका मोठा, की मागच्या खोलीतून वहिदा लाटणं घेऊन बाहेर आली.

“अगं... ते तुझं नाव न्हाई माय.”

“वो नै आई ना,” शबाना म्हणाली. आवाज जरा खरखरीत होता, न वापरलेला. “मैं बोली.”

गुरुबसप्पा सायकल भिंतीला लावून खाली बसला आणि चेनकडं बघत राहिला. चेनला काही झालेलं नव्हतं.

त्यानंतर शबाना स्वतःच्या नावालाही बोलू लागली. हाजिर मात्र म्हणेना. हजरच. कहकशांनं लाख समजावलं, तरी मान हलवायची. “मावशीने हजर बोली.” रविवारी दुपारी नागम्मा तिच्या नव्या निळ्या फ्रॉकची बटणं पक्की करत होती, तेव्हा पोर गुडघ्याशी येऊन बसली. वहिदाला सोमवारी जाता येणार नव्हतं. कहकशांच्या क्लासमध्ये नेमकी त्याच वेळी पालकांची बैठक होती, आणि ज्याचे पालक आले नाहीत त्याला खालच्या बॅचमध्ये बसवायचे.

“मावशी, तू छोडके जाती?” शबानानं विचारलं.

सुई थांबली.

“न्हाई,” नागम्मा म्हणाली.

“मैं हजर बोली तब तक?”

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नागम्मानं दोरा दातानं तोडला, बटण ओढून पाहिलं. सहज म्हणून काही कबूल करायची तिला सवय नव्हती. बोललं की ते करायचं, एवढा एकच नेम ती पूजेइतका पाळायची. आणि तो एकदा पाळायचा राहिला होता.

“थांबते,” ती म्हणाली. “तू हजर म्हणस्तोवर दारातच थांबते.”

*

सोमवारी गुरुबसप्पा उठला तेव्हा देवळीत समई लागली होती आणि ताटात ओलं बेलाचं पान होतं. त्यानं पानाकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

“झाली पूजा?”

“झाली.”

मोरीवर जाऊन त्यानं तोंड धुतलं, आणि बऱ्याच वेळानं आतून म्हणाला, “शाळेच्या कोपऱ्यावर कुत्री असतात. सांभाळून ने.”

त्या दिवशी नागम्मानं आमटी चाखून मीठ घातलं. डबे वेळेवर गेले. नऊला वहिदा कहकशांला घेऊन निघाली. फाटकापर्यंत गेली, परत आली, शबानाचं काजळ ओढणीनं सारखं केलं, पुन्हा गेली, पुन्हा आली. “मावशी, न्हाई बोलली तर रागावू नका हं तिला. तशीच आना. धाडून देऊ उमरीला.”

“बैठक चुकल तुझी. जा तू,” नागम्मा म्हणाली.

साडेनऊ झाले. गल्लीत बुटांचे आवाज सुरू झाले. कुणी कुणाला हाका मारत होतं, एक बाटली गडगडत गेली. नागम्माचा हात सवयीनं दाराकडं गेला. तिनं कडी धरली, आणि बाहेर येऊन दार मागून ओढून घेतलं.

शबाना पायरीवर तयार होती. निळा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, आपाची जुनी पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबलेली. तोंडातल्या तोंडात तिचं चालू होतं, हजर, हजर, हजर.

नागम्मानं पाण्याची बाटली उजव्या हातात घेतली. डाव्या तळहातावर सकाळच्या विभूतीचा पांढुरका डाग अजून होता. शबानानं त्याच हातात हात घातला. नागम्मानं बोटं मिटली, पदर सारखा केला, आणि पोरांच्या गर्दीतून कडेकडेनं, पावलं आखूड टाकत ती शाळेच्या रस्त्याला लागली.