बर्फाला घाम सुटू द्या

मी लसीची निळी पेटी बोलतेय. कोंडाबाईचं कुणी खरं धरलं न्हाय, मग माझं कोण धरणार? तरी बोलते.

लोहाऱ्याकडच्या एका दवाखान्यात आले तेव्हा वाटलं, थंड राहिलं की झालं. खरं काम शिकवलं मला वाडीवर नेणाऱ्या कोंडाबाईनं. बाई चौथी शिकलेली. फ्रीजरमधले चार आईसपॅक काढून टेबलावर मांडायची, घाम सुटेस्तोवर थांबायची, मग एकेक कानाशी हलवायची. आत पाणी खुळखुळलं तरच माझ्यात भरायची. कारण घटसर्पाची लस एकदा गोठली की मेलीच.

मग औषधं सांभाळायला महारुद्र सर आले. बाहेर जीप हॉर्न मारायची.

"सर, घाम सुटू द्या की बर्फाला."

"मावशी, लस उन्हानं मरती, गारठ्यानं न्हाय. अन् कानाला लावून काय ऐकता? बातम्या?"

सगळे फिदीफिदी हसले. दगडासारखे आईसपॅक माझ्यात कोंबले. बाटल्या गोठल्या अन् वाडीवर पोचेस्तोवर विरघळल्याही. दिसायला जशाच्या तशा. कोंडाबाईनं एक हलवून सिस्टरला दाखवली, "बघा, तळाला चुरा बसतोय. गोठून गेलीय ही." सिस्टरनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, "टोचा."

तीन महिने, तीन फेऱ्या, असंच.

वाडीवरच्या झरीनची लेक तिन्ही फेऱ्यांना होती. तिसऱ्यांदा सुई टोचल्यावर झरीन म्हणाली, "आता बिनघोर, व्हय ना खाला?" कोंडाबाई गप बसली. तिचं ते गप बसणं मला अजून सलतंय.

गेल्या आठवड्यात पोरीचा गळा सुजला. घटसर्प. धाराशिवला नेलीय, नळीनं श्वास चाललाय.

चौकशीला जिल्ह्याचे साहेब आले. मला उलटी करून बघितलं. कोंडाबाईनं सगळं सांगितलं, स्वतःचं गप बसणंसुद्धा. साहेब हसले, "बर्फाला घाम म्हणे!" कागदावर त्यातलं एक अक्षरही उतरलं न्हाय. तिन्ही फेऱ्यांची न्हाय, एकाच दिवसाची चूक ठरवली, म्हणजे बाकीच्यांना परत टोचायला नको.

मला माळ्यावर फेका, माझं काय जातंय? पण त्या फेऱ्यांतली बावीस लेकरं अंगणात खेळतायत, अन् त्यांच्या आया बिनघोर झोपतायत. त्यांना परत टोचा. आज टोचा. एवढंच मागते.

कागदावर लिहिलंय ते असं: वाटेत पेटी उन्हात ठेवून लस नासवली. जबाबदार, कोंडाबाई.