तिसरी नळी

तिने तिसरी नळी पुन्हा पेशींची चमक मोजणाऱ्या यंत्राला लावली. पडद्यावर ठिपके उमटले आणि पुन्हा उजवीकडेच, चमकीच्या बाजूला, सरकले. या नळीतल्या पेशी काळोख्या राहायला हव्या होत्या. त्या चांगल्या चमकत होत्या.

मोनोक्लोनल अँटिबॉडी म्हणजे एकाच साच्यातून काढलेली. पेशीच्या पृष्ठभागावरचा एकच रेणू ओळखायचा, दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. तरुणपणी तिच्या मार्गदर्शक सरांनी अशाच अँटिबॉडीने या पेशींवर एक नवा रेणू दाखवला होता. त्यावर त्यांनी नाव कमावलं, आणि तिचा पीएचडीचा प्रबंधही त्याच रेणूवर होता. पण तिसऱ्या नळीतली अँटिबॉडी मुद्दाम काहीच न ओळखणारी होती. तरीही पेशींनी त्या अँटिबॉडीची मागची शेपटी पकडून ठेवली होती. आधी रक्तातलं साधं सीरम घालून ती पकड अडवली, की या नळीतली आणि सरांच्या अँटिबॉडीच्या नळीतली, दोन्हीकडची चमक पार विझत होती. म्हणजे तो नवा रेणू तिथे नव्हताच. सीरमची ही पायरी या लॅबमध्ये कुणीच करत नसे. सर करत नसत, म्हणून.

“ही नळी लावायला कुणी सांगितलं होतं?” सर मागे येऊन उभे होते.

“कुणी नाही.”

“प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय ना?”

“द्यायचाय.”

“मग ही गाळून टाक. कुणी विचारत नाही.”

“नाही गाळणार.”

“वेडी आहेस का? चार वर्षं पाण्यात जातील.”

“गेलीच आहेत, सर. मी फक्त सांगतेय.”

सर तडक निघून गेले. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, त्यांचा आणि इतकी वर्षं मान डोलावणाऱ्या स्वतःचाही. आईचा फोन आला, “झालं का गं एकदाचं?”

“नाही झालं. आणि असं तर होणारच नाही,” म्हणून तिने फोन ठेवून दिला.

सकाळी ती दुसरा मार्गदर्शक शोधायच्या तयारीनेच आली. सर तिच्या जागेवर बसले होते. अंगात पांढरा कोट, पोटावर बटण न लागणारा. समोर ताज्या पेशी आणि सीरमची बाटली. हातात थेंब सोडायचं पिपेट.

“हात स्थिर राहत नाही गं आता. सीरम तू घाल.”

तिने दोन्ही हात मागे बांधले.

“नाही, सर. मी घातलं तर उद्या म्हणाल, पोरीने घोळ घातला. तुम्हीच घाला.”

सरांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि नळीत सीरमचा थेंब सोडला.