दारातला कप्पा

मी फ्रिज बोलतोय. बोलतोय कसला, घुरघुरतोय. पण आज ऐकाच.

या घरात मी आलो तो आईंसाठी. त्यांना साखरेचा आजार. रोज इन्सुलिन टोचून घ्यायचं, आणि ते गार राहायला हवं. म्हणून माझ्या दारातला वरचा कप्पा त्यांच्या कुपीचा. अंडी, लोणी, लिंबं ही मंडळी नंतरची.

आईंचे चिरंजीव शाळेत विज्ञान शिकवतात. पाणी कधी गोठतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण वर्गातल्या पोरांनी टकलावरून त्यांचं नाव ‘पौर्णिमा’ ठेवलं आणि मास्तरांची अक्कल चरायला गेली. आधी तेलं झाली. मग वाटीभर कांद्याचा रस माझ्या पोटात येऊन बसला. लोण्याला आठवडाभर वास होता.

एके दिवशी ते एक चकचकीत खोकं घेऊन आले. तान्हं बाळ आणावं तसं दोन्ही हातांत धरून.

“यात स्टेम सेल आहेत,” ते बायकोला म्हणाले. “मूळ पेशी. डोक्याला चोळलं की झोपलेले केस जागे होतात.”

“कोण म्हणालं?”

“क्लिनिकमधली बाई. पांढरा कोट होता तिच्या अंगावर.”

“पांढरा कोट तुमचा न्हावीपण घालतो.”

“तुला नाही कळायचं. पेशी जिवंत असतात. कडक गारठ्यात ठेवा म्हणून बजावलंय तिनं.”

जिवंत म्हणे! त्या बाटल्या महिनाभर माझ्या पोटात होत्या. शेजारच्या वाडग्यातल्या दह्यात त्यांच्याहून जास्त जीव होता.

पण मास्तरांनी, रोज हाताशी हव्यात म्हणून, दारातला वरचा कप्पा रिकामा केला, बाटल्या तिथं मांडल्या आणि आईंची कुपी मागे ढकलली, थेट बर्फाच्या कप्प्याखाली. मग दारातही गारठा पोचावा म्हणून माझं बटण शेवटपर्यंत पिरगाळलं. मी काय करणार? मला सांगितलं तेवढं मी गार करतो. रात्रीत कुपी दगड झाली.

सकाळी आईंनी ती वितळेपर्यंत तळव्यांत घोळवली. “आज फारच गार आहे गं बाई,” त्या सुनेला म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “असू दे. लेकानं ठेवलंय, म्हणजे नीटच असेल.” टोचून घेतलं आणि कुपी होती तिथंच परत ठेवली. रोज हेच.

गोठून वितळलेल्या इन्सुलिनवर भरवसा ठेवू नये, हे त्या कुपीच्या खोक्यावरच छापलंय. मास्तरांनी त्या दिवसांत वाचली ती फक्त आपल्या बाटल्यांची जाहिरात.

पुढे काय होतंय ते माझ्याआधी कुणाला कळलं नाही. आई सारख्या माझं दार उघडायच्या, पाण्याची बाटली काढायच्या, उभ्या उभ्या संपवायच्या. “उकाडा वाढलाय,” म्हणायच्या. आणि मास्तर? माझ्या चकचकीत दारात वाकून डोकं न्याहाळायचे. आई पाणी घ्यायला आल्या की म्हणायचे, “थांब गं जरा, उजेड अडवू नकोस.”

एका दुपारी आई माझ्यासमोरच कोसळल्या. हातातली बाटली फरशीवर आडवी झाली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इन्सुलिन कुठं ठेवता म्हणून विचारलं, तेव्हा सूनबाई धावत घरी आल्या. त्यांनी कुपी बाहेर काढली आणि हलवून बघितली. आत काहीच हललं नाही. मागोमाग आलेल्या मास्तरांसमोर त्यांनी ती धरली. “सर, पाणी कधी गोठतं?” एवढंच विचारलं.

आई वाचल्या. घरी आल्या तेव्हा चेहरा पार उतरलेला होता. मास्तर पाया पडायला वाकले, तर त्यांनी त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी मनापासून विचारलं, “काही उगवलं का रे?”

मास्तर हुंदके देऊन रडले. आईंनी माफ केलं. मी नाही केलं.

कारण खोकं फेकलं, तरी एक बाटली लिंबांच्या मागे अजून आहे. सूनबाईंनी माझ्या बटणावर चिकटपट्टी लावलीय आणि आईंची कुपी परत दारात आलीय. पण मास्तर दार उघडतात, आधी कुपी बघतात, आणि मग त्यांची नजर हळूच लिंबांकडे जाते.

मायबाप, डोक्यावर काय उगवायचं ते उगवा. माझ्यात काय ठेवायचं ते ठेवा. फक्त कप्पा रिकामा करण्याआधी बघा, तिथं कुणाचा जीव ठेवलाय.