चैतीच्या भातावरून फिरलेला रूळ

जरा आभाळाकडे बघून सांगता का, खरंच ढग आलेत की माझ्याच मनात आलंय? मला मान वर करता येत नाही. मी रूळ बोलतोय, जव्हारच्या टेनिसच्या मैदानावरचा दगडी रूळ. दगडाला कसली आलीय काळजी, असं तुम्ही म्हणाल. अहो, मी जन्माचाच धास्तावलेला! खाणीत मला घडवताना पाथरवट छिन्नीच्या दर घावाला म्हणायचा, "तडकू नको रे बाबा, एवढ्यात तडकू नको." जन्मतः कानावर हेच पडलं, तर दुसरं काय होणार?

काळ्या खडकाचा मी. पोटातून लोखंडी कांब आरपार घातलेली, तिला ओढायला दांडा. संस्थानात क्लब निघाला आणि टेनिसचे सामने भरवायचं ठरलं, तेव्हा मला मैदानाच्या कडेला आणून ठेवलं. सामने म्हणजे साधे नव्हेत हं! नाशिकचे वकील, ठाण्याचे डॉक्टर, डहाणूकडचे पारशी बागाईतदार, सगळे घाट पार करून यायचे. शामियाना लागायचा, बँड वाजायचा, चांदीचा पेला टेबलावर मांडला जायचा. चार मुलखांत जव्हारच्या सामन्यांचं नाव होतं.

खेळाचं नाव हिरवळीवरचं टेनिस. आता जव्हारात दिवाळी सरली की हिरवळ राहते कुठे? क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांनी मुंबईहून गवताचं बी आणवलं. ते उगवलं, पिवळं पडलं आणि वाळून गेलं. साहेब हैराण झाले. शेवटी त्यांनी मैदानावरच्या गड्याला, वामनला, बोलावून सांगितलं, "हे बघ, तुम्ही खळं करता ना? अगदी तस्संच करून द्या."

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यापायीच झालं.

वामन शिरपामाळाच्या अंगाला, उतारावरच्या पाड्यात राहायचा. त्याची बायको चैती. माणूस म्हणजे माणूस! बोलायची कमी, पण एकदा बोलली की वामन गप. साहेबांचा निरोप ऐकून तिने पाड्यातल्या बाया गोळा केल्या. जमीन खणली, ढेकळं फोडली, पाणी मारलं, चोपण्यांनी चोपली. मग माझी पाळी. ओल जास्त राहिली तर माती मला चिकटते, कमी झाली तर भेगा पडतात. मी आपला जीव मुठीत धरून फिरायचो. शेवटी बाया शेणाने असं सारवायच्या की चेंडू टप्पा खाऊन नीट छातीएवढा उसळायचा. नाशिकचे वकील वाकून वाकून जमीन बघायचे.

पण चैतीचं तेवढ्यावर संपत नसे. खळ्याच्या मधोमध खांब असतो, त्याला भाताची लोंबी बांधतात. इथे मधोमध जाळीचे दोन खांब. तिने दोन्ही खांबांना लोंब्या बांधल्या, कुंकू लावलं, हात जोडले. साहेबांना वाटलं, वा, काय छान शोभा केलीय! त्यांनी दरवर्षी तसंच करायला सांगितलं. त्यांच्या लेखी ते टेनिसचं मैदान, पाड्याच्या लेखी खळं. कोणी कोणाला विचारलं नाही. मी बघत होतो आणि मला आतून धाकधूक वाटत होती. पण माझं ऐकतो कोण!

सामने माघात व्हायचे. तोवर पाड्याची झोडणी उरकलेली, भात घरात गेलेलं, माणसं मोकळी. सगळं सुरळीत होतं.

एका वर्षी कोणी बडा गोरा साहेब दौऱ्यावर यायचा होता. त्याच्यासाठी सामने मार्गशीर्षात घ्यायचं ठरलं. झालं! ऐन झोडणीच्या दिवसांत शिपाई पाड्यावर गेला आणि सगळ्यांना मैदानाच्या कामाला घेऊन आला. नाही म्हणायची सोय नव्हती. भात कापून भारे बांधलेले, शेतात रचून ठेवलेले. पाड्याचं स्वतःचं खळं करायला माणूसच उरलं नाही.

चैती सारवता सारवता सारखी वर बघायची. त्या वर्षी थंडी पडलीच नव्हती. हवा कोंदट, आभाळ मळकट.

"पाणी येल," ती वामनला म्हणाली.

"मार्गशीर्षात कुठं पाणी येतं गो?" वामन म्हणाला. पण म्हणता म्हणता त्यानेही वर बघितलं.

"आला तं? भारं भिजलं, दाण्याला मोड आला, मंग पोरा काय खातील? कंद उकरू का आतापासून?"

मी आजवर सारवण भिजेल म्हणून काळजी करायचो. त्या दिवसापासून मला भाऱ्यांची काळजी लागली. पाड्यातल्या सगळ्या चुली त्या भाऱ्यांवर होत्या.

सामने सुरू झाले. त्या वर्षी आणखी एक नवल घडलं. जव्हारचा माणूस आपल्याच सामन्यांत कधी जिंकला नव्हता, आणि यंदा नवसूराव फौजदार शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. कचेरीत नवसूराव, पण पाड्यावर नवशाच. इथल्याच डोंगरातल्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकला आणि फौजदार झाला. समोर नाशिकचे वकील. सगळं जव्हार म्हणत होतं, पेला यंदा बाहेर जात नाही.

शेवटच्या सामन्याची सकाळ उजाडली ती काळवंडूनच. डहाणूकडून ढग चढत होते. मी कडेला बसून थरथरत होतो. दगड थरथरत नाही म्हणता? त्या दिवशी तुम्ही माझ्यावर हात ठेवायला हवा होता.

आणि बघतो तर काय! उताराच्या वाटेने बायांची रांग वर येत होती. प्रत्येकीच्या डोक्यावर भाताचा भारा. पुढे चैती. मैदानाच्या कडेला तिने वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि सरळ आत आली. भारा उतरवला, बंध सोडला, पेंढ्या पसरल्या. मागून बाकीच्या. गडी जाळी सोडवायला लागले.

वामन धावत आला. "अगो येडी झालीस का? आज सामना हाय! साहेब माझी कातडी सोलंल!"

"खळा कोणी केला?" चैतीने विचारलं.

"आपणच केला."

"खळ्यासारखा कर म्हणून कोणी सांगला?"

"साहेबानी."

"मंग? खळा हाय, भात हाय, पाणी येतंय. बघतोस काय, उचल भारा."

वामनने एकदा शामियान्याकडे बघितलं, एकदा ढगांकडे. मग भारा उचलला. झोडायला सुरुवात झाली. पण भारे किती आणि हात किती! ढग तर डोंगरावर टेकलेले. चैती उभी राहिली, तिने चहूकडे नजर फिरवली आणि ती नजर माझ्यावर येऊन थांबली. माझ्या पोटातली कांब गार पडली.

"ह्याला ओढा," ती म्हणाली.

"दाणा फुटंल गो! पीठ होल सगळा!" वामन ओरडला.

मीही तेच ओरडत होतो. मला काय सवय? मी ढेकळं चिरडणारा. माझ्याखाली एकदा कोणाची तरी चिलीम आली होती, तिची भुकटीसुद्धा सापडली नाही. ज्या दाण्यासाठी ही बाई जिवावर उदार झाली, तोच दाणा माझ्या हातून फुटला तर? मला हात नाहीत, पण तुम्हाला कळतंय ना?

"पेंढा जाड पसरा, अन हळू ओढा. धावायचा नाय," चैती म्हणाली.

माणसं दांड्याला लागली. मी पेंढ्यांवर चढलो. आई गं! खाली मऊमऊ, सगळं हलतंय, दाणे कुरकुरतायत. जमेल तेवढं अंग चोरून मी फिरत होतो. टोकाला गेल्यावर चैतीने पेंढी उचलून झटकली. दाणे सरसर खाली पडले. तिने मूठभर तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक एक निरखला.

"सगळं सारं हायत," ती म्हणाली. म्हणजे अख्खे आहेत. मला रडू फुटलं असतं, पण दगडाला ती सोय नाही.

मग काय, फेऱ्यांवर फेऱ्या! बाया पेंढा झटकून बाजूला टाकत होत्या, मधोमध भाताची रास वाढत होती. चैतीने राशीवर एक लोंबी खोचली. तेवढ्यात बग्ग्या आल्या.

सेक्रेटरीसाहेब उतरले आणि जागच्या जागी खिळले. चेहरा पांढराफटक. बिचाऱ्यांची कीव आली मला. मागच्या बग्गीत गोरा साहेब होता ना!

"हे काय? हटवा! अरे हटवा हे सगळं!" ते किंचाळले.

शिपाई पुढे धावले आणि कडेवरच थांबले. शिपाई तरी कुठले? याच डोंगरातले. खळ्यावर रास असली की पायताण घालून आत जायचं नाही, आणि पूजा झाल्याशिवाय राशीला परक्याने हात लावायचा नाही, हे ते आईच्या मांडीवर शिकलेले. एकेकाने वहाणा काढल्या. पण आत कोणी जाईना.

"फौजदार!" साहेब नवसूरावांकडे वळले. "तुम्ही सांगा यांना. तुमचाच सामना आहे."

नवसूराव पांढऱ्याशुभ्र पोशाखात, हातात रॅकेट. त्यांनी राशीकडे बघितलं, चैतीकडे बघितलं. जव्हारचा पेला तिकडे टेबलावर चमकत होता. मग ते खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. अनवाणी उभे राहून म्हणाले, "साहेब, रास पुजल्याबिगर हलवता येत नाही."

"मग पुजा ना लवकर!"

"अजून वारवायचा हाय, भुसा उडवायचा हाय," चैती म्हणाली. अगदी शांतपणे.

आणि टप्पकन पहिला थेंब माझ्या पाठीवर पडला. मग दुसरा. चैतीचा चेहरा एकदम उतरला. इतका वेळ न डगमगलेली ती बाई राशीवर आडवी पडली, दोन्ही हात पसरून. एवढ्याशा अंगाने ती केवढी रास झाकणार होती?

"शामियाना उतरवा!" फौजदार गरजले. "दोर सोडा! कापड राशीवर घ्या!"

हे काम करायला मात्र शिपायांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. रंगीत झालरीचं ते भलंमोठं कापड धाडकन खाली आलं, माणसांनी चारी बाजूंनी ओढत राशीवर आणि उरलेल्या भाऱ्यांवर घातलं. काठ उडू नये म्हणून एका बाजूला दगड ठेवले, दुसऱ्या बाजूला मला. पाऊस कोसळला. पाहुणे मंडळी बग्ग्यांकडे पळाली. नाशिकचे वकील तेवढे भिजत उभे राहिले आणि हसत म्हणाले, "फौजदार, हा डाव तुमचा." गोऱ्या साहेबाची बग्गी निघून गेली. मी कापडाचा काठ दाबून धरला होता. तेवढं काम मला चांगलं येतं.

भात वाचलं. पाड्यावर त्या वर्षी कोणी कंद उकरायला गेलं नाही.

बाकीचं मात्र सगळं गेलं. वामनचं काम गेलं. नवसूरावांची बदली मोखाड्याला झाली. शेवटचा सामना तसाच राहिला, पेल्यावर त्या वर्षाचं नाव कोरलंच नाही. पुढल्या वर्षी आमंत्रणं निघाली नाहीत, त्याच्या पुढल्या वर्षीही नाहीत. मग विलायतेत लढाई सुरू झाली आणि सामन्यांचा विषय संपला. मैदानावर गवत उगवलं. गंमत बघा, आता कोणी खेळत नाही, तर हिरवळ कशी दाट आली!

मी कडेला पडून राहिलो. कांब गंजली, अंगावर शेवाळ चढलं. पण दरवर्षी झोडणी झाली की चैती वर यायची आणि नव्या भाताची मूठ माझ्यावर ठेवायची. पाखरं ते दाणे टिपायची. तेवढा एक दिवस मला काळजी नसायची.

आणि आता हे नवीनच. मोखाड्याच्या रस्त्याला खडी हवीय. मुकादम येऊन मला ठोकून गेला, "चांगला दगड आहे, उद्या फोडा" म्हणाला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चैती आज मूठ घेऊन आली, तिनेही ते ऐकलं. दाणे ठेवले आणि तशीच उताराने निघून गेली. मी म्हटलं, संपलं. बाईने तरी काय करावं?

थांबा. कोण येतंय ते? बैल आहेत. वामन आहे, पार वाकलाय. त्याच्यामागे पाड्यातले गडी, खांद्यावर दोर. आणि हे कोण पांढऱ्या केसांचे, अनवाणी? नवसूरावच की, नोकरी संपवून गावी परतलेले! मुकादमाशी बोलून आलेत म्हणे, "खडीला दुसरा दगड घे, हा पाड्याच्या खळ्याचा आहे."

माझ्याभोवतीचं गवत उपटलं. दोर बांधला. पण अहो, हा उतार! मी एवढा जड! दोर तुटला आणि मी गडगडत सुटलो तर? खाली पाडा आहे, माणसं आहेत. नको, नको, फोडा मला इथेच, ते बरं!

चैतीने माझ्या शेवाळलेल्या पाठीवर हात ठेवला.

"भिऊ नको रं," ती म्हणाली. "तवा एक दाणा फोडला नायस. माणसा काय फोडशील?"

बैल हलले. मी हळू येतोय हं, चैती. अगदी हळू.