हिरव्या वर्तुळातले साहेब

साइटवर सगळे त्यांना ओळंबा म्हणत. म्हणजे पाठीमागे, तोंडावर साहेबच. आयुष्यभर भिंती सरळ उभ्या करता करता माणूसही तसाच झाला होता, ताठ, गप्प आणि कायम कुठेतरी टांगलेला. कधी धरणावर, कधी पुलावर. घरी यायचे ते पाहुण्यासारखे. दोन्ही मुलं जन्मली तेव्हा साहेब साइटवरच होते. थोरल्याची बातमी धरणावर कळली, धाकट्या लेकीची पुलावर, आणि दोन्ही वेळा त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि पुन्हा काँक्रीटकडे वळले. आता तीच लेक बाळंत व्हायची होती. या वेळी मी दवाखान्याच्या दारात उभा असणार, असा शब्द त्यांनी तिला दिला होता. निवृत्तीही त्याच सुमारास होती. एवढी एक साइट उरकायची आणि घर गाठायचं, इतकं साधं होतं हो!

साइट म्हणजे एक जुनी इस्टेट. मोठं दगडी घर, पुढे तळं, बाजूला म्हाताऱ्या झाडांची रांग आणि मागे घोड्यांचा तबेला. घोडे जाऊन जमाना लोटला होता. तबेल्याभोवतीच्या मोकळ्या जागेत काचेची नवी ऑफिसं उठायची होती. परवानगी मिळाली होती, पण जुन्याला हात लावायचा नाही आणि जिवंताला त्रास द्यायचा नाही या बोलीवर. जुन्यावर नजर ठेवायला वारसावाले म्हणून एक अधिकारी येत. दगडाशी बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा, माणसांशी बोलताना नाही. जिवंतांसाठी पक्षीबाई होत्या, गळ्यात सदा दुर्बीण. आणि दोघांच्या मधे कंपनीचे डायरेक्टर. त्यांना ‘समतोल’ या शब्दाचं व्यसनच होतं. चहात साखर कमी पडली तरी म्हणायचे, समतोल गेला.

साहेबांनी तबेल्यातच टेबल टाकलं. नकाशांच्या गुंडाळ्या, किटली, खुंटीला हेल्मेट. हिशेब करताना त्यांना नाकातल्या नाकात गुणगुणायची सवय. चाल नाही, शब्द नाहीत, नुसतंच हं हं हं. आणि एक दिवस त्यांनी मान वर केली तर तुळईमागच्या खबदाडीतून एक पांढरा, बदामासारखा चेहरा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. गव्हाणी घुबड! मादी होती आणि अंड्यांवर बसली होती.

पक्षीबाईंना आनंदाने रडू फुटलं. डायरेक्टरांनाही रडूच फुटलं, पण ते वेगळं. तबेल्याजवळ ठोकाठोकी बंद झाली, कामगार चवड्यांवर चालू लागले, क्रेनवाला दबक्या आवाजात शिव्या देऊ लागला. तरी काम रेटत होतं. घोडं अडलं ते पुढेच.

साहेबांची दाढ दुखत होती म्हणून ते एक दिवस रजेवर गेले. संध्याकाळी परत येतात तो तबेल्याच्या दारात पक्षीबाई डोक्याला हात लावून बसलेल्या.

“कुठे होतात तुम्ही? ती उठून गेली ना! अंडी थंड पडत चाललीत!”

साहेबांना काही सुधरेना. ते निमूटपणे खुर्चीवर बसले आणि दाढेच्या कळेने आपसूक गुणगुणू लागले. तेवढ्यात फडफड नाही, चाहूल नाही, घुबड आत आलं आणि अंड्यांवर बसलं. डोळेसुद्धा मिटले बाईसाहेबांनी.

“माझ्या लक्षात आलं,” पक्षीबाई हळूच म्हणाल्या. “तुम्ही तिच्या अधिवासाचा भाग आहात.”

“मी इंजिनिअर आहे,” साहेब म्हणाले.

“ते तुमच्या बाजूने. तिच्या बाजूने तुम्ही अधिवास.”

आता वारसावाले तरी आडवे येतील अशी साहेबांना आशा होती. कसचं काय! त्यांनी एक जुनं चित्र शोधून आणलं. त्यात याच तुळईखाली घोड्यांचा मुकादम टेबलाशी बसलेला होता. म्हणजे इथे बसलेला माणूस हा वास्तूचा मूळ घटक ठरला. फक्त प्लास्टिकची खुर्ची शोभत नाही म्हणून लाकडी आली, हेल्मेटचा पिवळा रंग खुपतो म्हणून ते गेलं, आणि पंखा काढला. घामाला मात्र त्यांची हरकत नव्हती.

डायरेक्टर तर हरखूनच गेले. साहेब बसले की घुबड बसतं, घुबड बसलं की परवानगी टिकते. “अहो, यालाच मी समतोल म्हणतो!” असं म्हणत त्यांनी साहेबांच्या खांद्यावर थाप मारली, आणि पक्षीबाईंनी लगेच हटकलं, की हात लावू नका.

पुढच्या आठवड्यात सुधारित नकाशा आला. साहेबांनी तो सवयीने टेबलावर पसरला. जी झाडं तोडायची नव्हती त्यांच्याभोवती हिरवी वर्तुळं होती, शेजारी बारीक अक्षरात ‘विद्यमान, जतन करणे’. तबेल्याच्या आतही एक हिरवं वर्तुळ होतं. आत झाड कुठून आलं म्हणून साहेबांनी चष्मा पुसला. वर्तुळ बरोबर त्यांच्या खुर्चीवर होतं.

त्या दिवशी मात्र ते घाबरले. निवृत्तीचा अर्ज परत आला होता. जतन करायची वस्तू निवृत्त कशी होणार, असं कचेरीतल्या कोणीतरी अगदी गंभीरपणे विचारलं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते. बायकोचा रोज फोन यायचा.

“येतो गं. एवढी पिल्लं बाहेर पडू देत.”

“पुलावरूनही तुम्ही येतच होतात,” बायको म्हणायची आणि फोन ठेवायची.

मग एक दिवस ती स्वतःच आली. हातात रिकामी बॅग, साहेबांचे कपडे भरायला. नेमके त्या दिवशी डायरेक्टर, वारसावाले आणि पक्षीबाई तिघंही पाहणीला हजर होते. बायको तडक आत शिरली.

“अहो, उठा. पोरीला दवाखान्यात नेलंय. तुमचं नाव घेऊन बसलीय ती.”

साहेब अर्धवट उठले. वर घुबडही अर्धवट उठलं. तिघा पाहुण्यांचं धाबं दणाणलं.

“ताई, थांबा,” पक्षीबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या हो, उलट फार मऊ मनाच्या होत्या, पण त्यांचं मन ठरावीक प्राण्यांसाठी राखून ठेवलेलं होतं. “तुमचाही हक्क आहे, मी नाकारत नाही. ते तुमच्याही अधिवासाचा भाग असतील तर नोंद करावी लागेल. मला सांगा, हे दूर असताना तुम्ही अन्न सोडलं होतं?”

“दोन लहान मुलं पदरात. अन्न सोडून कसं चालेल?”

“घर सोडून गेलात?”

“कुठे जाणार?”

“पिल्लांकडे दुर्लक्ष?”

“भलतंच काय विचारता! दोघांना मी एकटीने वाढवलंय.”

“म्हणजे यांच्या नसण्याचा परिणाम शून्य,” पक्षीबाई हळहळून म्हणाल्या. “मग माझे हात बांधलेले आहेत, ताई.”

बायकोने बॅगेची चेन उघडली, पुन्हा लावली. एवढी वर्षं साहेबांनी तिला चिडलेली पाहिली होती, दमलेली पाहिली होती, पण अशी गप्प झालेली पाहिली नव्हती. शून्य! तिने सगळं नीट निभावलं, म्हणून तिचंच तोंड बंद? या बाईने एक दिवस जरी चूल पेटवली नसती, तर आज हिशेबात धरली गेली असती.

साहेब उठले. पूर्ण उठले. घुबड तुळईच्या टोकाशी सरकलं, पंख उचलले.

“अहो, समतोल!” डायरेक्टर किंचाळले, तेही कुजबुजत.

साहेबांनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. “बसा. आणि गुणगुणा.”

“मला येत नाही!”

“मलाही येत नाही. गुणगुणा.”

डायरेक्टर घामाघूम होऊन गुणगुणू लागले. वारसावाल्यांनी पुढे होऊन त्यांचा चकचकीत टाय काढून घेतला. घुबडाने मान वाकडी करून नव्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग ते सावकाश मागे सरकलं, अंड्यांवर बसलं आणि त्याने डोळे मिटले.

पक्षीबाई थक्क झाल्या. “अगंबाई! हिला कोणीही चालतं!”

साहेबांनी बायकोच्या हातातली बॅग घेतली, कपडे न भरताच.

“आम्हाला चालत नव्हतं,” बायको म्हणाली.