नेमका मधोमध

मित्रांनो, मी एक जुना तारामासा आहे. मासा हे नाव माणसांनी दिले; मला ना कल्ले, ना शेपूट. मेंदूही नाही. पण ज्यांना तो आहे, त्यांचा कारभार मी फार जवळून पाहिला आहे.

आमच्या खाडीच्या तळाशी एका कुटुंबाची कालवांची शेती आहे. त्यांचे घर तिच्यावरच चालते, आणि माझेही. मी कालवाला मिठी मारतो, शिंपला किंचित उघडतो आणि माझे पोट बाहेर काढून आत सोडतो. किळस आली? येऊ द्या.

म्हाताऱ्या मालकाला आमचा भारी राग. सापडेल तो तारामासा तो कोयत्याने नेमका मधोमध चिरायचा आणि "मर मेल्या!" म्हणत दोन्ही तुकडे पाण्यात भिरकावायचा. वा रे शहाणा! नुसता बाहू तोडला असता, तर तो बहुधा कुजला असता. पण मधल्या चकतीचा मोठा भाग सोबत असला, की आमची जखम मिटते, कोंब फुटतात आणि गेलेले बाहू हळूहळू परत येतात. एकाचे दोन होतात. कालवे घटली, तसा म्हातारा आणखी जोमाने कापू लागला.

मलाही त्याने चिरले. माझा एक अर्धा खाडीत गेला. दुसरा, म्हणजे मी, सुनेने गुपचूप बादलीत ठेवला. ती रोज खाडीचे ताजे पाणी घालायची, पुढे एखादे फुटके कालवही टाकायची. कोंब दिसू लागले, तशी ती बादली घेऊन धक्क्यावर आली.

"मामंजी, बघा. आपण यांना मारत नाही, पेरतोय."

"हा दुसराच असेल."

"तुम्हीच चिरलेला आहे. मी ठेवलाय."

"माझ्या बापानं असंच कापलं, आज्यानं कापलं. ते काय मूर्ख होते?"

"ते मी कशाला बोलू? पण शेती संपली तर खायचं काय? यापुढे उन्हात वाळवायचे."

तेव्हापासून माझे भाऊबंद टोपल्यांतून वाळू लागले. तिचा मला राग नाही. तिने आधी पाहिले, मग केले. म्हातारा मात्र तोंड फुगवून बसला. धड जेवेना, धड बोलेना.

बादलीत माझे पाचही बाहू पुरे झाले, तेव्हा ती मला टोपलीत टाकायला निघाली.

"एवढा एक तरी मला कापू दे," म्हातारा म्हणाला.

तिने त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. "घ्या. पण एकच हं."

कोयता पडला. नेमका मधोमध. दोन्ही तुकडे पाण्यात भिरकावून किती दिवसांनी हसला बिचारा!

मित्रांनो, थोरामोठ्यांची मने जरूर जपा. पण ती कालवांच्या जिवावर जपू नका. मी आता तळाशी जखम मिटवत पडलो आहे. ती मिटली की बाहू वाढवायचे आहेत, त्यासाठी पोटभर खावे लागते, आणि इथे कालवे अजून बरीच उरली आहेत.