सिंहासनापर्यंतची वाट

इंग्लंडच्या राजाचं काम करताना माझ्या डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट सोन्याचा झाला, त्याला आज अकरा प्रयोग झाले. खरं सोनं. मुकुट डोक्यावरून निघत नाही, म्हणून मिरजेच्या सराफाने स्वतः स्टुलावर चढून कस लावला. मी काही वाकलो नाही.

मी त्र्यंबक रास्ते. बत्तीस वर्षं हा राजा करतोय, आणि असा राजा दुसऱ्या कुणाला जमायचा नाही, हे मी सांगू नये, पण सांगतो. नाटक इंग्रजांच्या गादीचं. म्हातारा राजा, त्याचा राजपुत्र आणि मधे फितूर सरदार. राजपुत्र माझी मुलगी शाल्मली करते. आमच्या कंपनीची रीत अशी, की शेवटच्या प्रवेशात राजाने मान ताठ ठेवली तर राजपुत्र मुजरा करतो आणि पडदा पडतो. राजाने मान झुकवली तर राजपुत्र मुकुट उचलतो, आणि पुढच्या प्रयोगापासून राजाचं काम त्याचं. मीही माझ्या वडिलांकडून असंच घेतलं.

शालूच्या एकतिसाव्या वाढदिवसाला मान झुकवायचं मी कबूल केलं होतं. ती समोर येऊन उभी राहिली. पण त्या दिवशी माझं भाषण असं काही रंगलं, की टाळ्या थांबेचनात. मी मान ताठ ठेवली. मुकुट जड झाला तो तेव्हाच.

पुढच्या प्रयोगाला रंगमंच लांबला. विंगेतून सिंहासनापर्यंत यायला शालूला एरवी नऊ पावलं लागत. त्या दिवशी चाळीस लागली. त्यापुढच्या प्रयोगाला तीनशे. खुर्च्यांच्या रांगाही तिच्याबरोबर लांबत गेल्या आणि प्रत्येक खुर्चीत माणूस होता. ती पोचली तेव्हा तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. मेकअप उतरवला तरी ते पांढरेच राहिले.

"बाबा, वाट फार लांब झालीय."

"आवाज पोचतो ना शेवटपर्यंत? मग झालं."

"आवाज पोचतो. वर्षं जातात."

पडदा ओढणारे सदूभाऊ मला म्हणाले, "अहो, झुकवा की मान एकदा. पोर म्हातारी व्हायला लागली."

"राजा आहे मी."

"आणि तिचा बाप कोण?"

सहाव्या प्रयोगाला तिला चष्मा लागला, नवव्याला काठी. माझं वय एका दिवसाने पुढे सरकलं नाही. एसटीत कंडक्टरने तिला माझी आई समजून जागा करून दिली. मला लाज वाटली, फार वाटली. तरी दहाव्या प्रयोगाला टाळ्या पडल्या आणि मान हलली नाही.

आज कऱ्हाडला दुपारचा प्रयोग. सरदार फितले, पकडले गेले, मेले. शेवटचा प्रवेश आला. रंगमंच इतका लांबला होता, की विंग दिसतच नव्हती. खूप वेळाने मोहरीएवढं काहीतरी हललं. ती शालू होती.

टाळ्या नव्हत्या. ऐकायला काहीच नव्हतं, म्हणून मी तिला पाहत बसलो. पाठ ताठ. काठी हातात, पण काठीवर भार नाही. एक पाऊल घाईचं नाही, एक पाऊल दमलेलं नाही. ही चाल मी तिला शिकवली नव्हती. माझ्या वडिलांची नव्हती, माझीही नव्हती. अरे, कोण चालतंय बघा! माझी मुलगी चालतेय! अभिमानाने माझी छाती दुखायला लागली आणि डोळे भरून आले.

मी मान झुकवली.

मुकुटाच्या भाराने हनुवटी छातीला टेकली, ती पुन्हा उचलता येईना. मला फक्त फळ्या आणि माझे बूट दिसत होते.

"घे, शालू," मी म्हणालो. हे वाक्य नाटकात नाही.

काठी वाजली, पाऊल वाजलं. तिचे बूट माझ्या बुटांपाशी आले. थांबले नाहीत, मुकुटाला तिचा हातही लागला नाही. त्याच संथ गतीने सिंहासनाला वळसा घालून ते मागे गेले. मागे हातभर अंतरावर लंडनचा रंगवलेला पडदा आहे. तिची पावलं मात्र तिकडेच पुढे पुढे वाजत राहिली, आणि तिच्याबरोबर एकेका रांगेच्या खुर्च्या खटाखट मिटून माणसं उभी राहत गेली.